पुस्तक फुकट द्यायचं, पण कुणाला?

पत्र

भाऊ, नमस्कार. मी यावल तालुक्यातली. घरी केळी आणि थोडी कपाशी. आईकडून आणि सासूबाईंकडून शिकलेले आपल्याकडचे पदार्थ मी कित्येक वर्षं वहीत उतरवत आले. पुण्याच्या मुलीनं ते टाइप केले, फोटो काढले आणि खानदेशी स्वयंपाकाचं ई-पुस्तक करून किंडलवर टाकलं. किंमत १४९ रुपये. पहिल्या महिन्यात नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांनी घेतलं. त्यानंतर सगळं थंड. आता मुलगी म्हणते, पाच दिवस पुस्तक फुकट ठेवू, हजारो लोक घेतील. यांचं म्हणणं, फुकटच वाटायचं होतं तर एवढी वर्षं डोळे कशाला फोडले? सुरतच्या नणंदबाई म्हणतात, ते ॲमेझॉनचं आम्हाला जमत नाही, सरळ पीडीएफ पाठव, इथल्या सगळ्या ग्रुपवर टाकते. मध्येच एका माणसाचा फोन आला. पैसे भरले तर हजार डाउनलोड आणि चांगले अभिप्राय मिळवून देतो म्हणाला. शिवाय ज्यांनी पैसे मोजून पुस्तक घेतलं त्यांना काय वाटेल, ही टोचणी आहेच. काय करू?

— एक वाचक, यावल तालुका

उत्तर

ताई,

पुस्तक फुकट द्या. त्यात कमीपणा काही नाही. मात्र मुलगी म्हणते तसे हजारो लोक मिळावेत म्हणून देऊ नका, आणि नणंदबाई सांगतात त्या वाटेनं तर मुळीच देऊ नका. फोन करणाऱ्या माणसाला आजच नाही म्हणून टाका. त्याच्याबद्दल पुढे बोलतो.

आधी खप का थांबला ते पाहू. १४९ रुपये जास्त झाले म्हणून थांबला, असं मला वाटत नाही. शेवभाजीपासून खापरावरच्या मांड्यांपर्यंत सगळं यूट्यूबवर फुकट पडलेलं आहे. फुकटात मिळत असूनही माणूस पुस्तक घेतो, कारण त्याला नीट माप हवं असतं, पदार्थ चुकला तर कुठे चुकला हे सांगणारं कुणीतरी हवं असतं. तुमचा खप थांबला, कारण ओळखीचे लोक संपले आणि अनोळखी माणसाला तुमचं पुस्तक आहे हेच माहीत नाही. किंमत शून्य केली तर फक्त किंमतीचा अडसर जातो. माहीत नसण्याचा अडसर तसाच राहतो. कुठेही जाहीर न करता पुस्तक पाच दिवस फुकट ठेवलं, तर पाच दिवस ते फुकट आणि कुणाच्या नजरेस न पडलेलं, एवढंच होईल.

तेव्हा पहिला प्रश्न दिवसांचा नाही, माणसांचा आहे. तुमचं पुस्तक कुणाला लागणार?

बामणोदच्या बाईला भरीत शिकायला पुस्तक लागत नाही. फैजपूर, सावदा, रावेर, चोपडा इथल्या घरांत कळण्याची भाकरी हाताला माहीत आहे. तुमच्या गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायकांनी पुस्तक घेतलं ते तुमच्यावरच्या मायेनं. त्या मायेवर पुस्तक पहिला महिना चाललं, पुढे चालणार नाही. ज्याला हे पुस्तक खरोखर लागतं तो खानदेशाबाहेर आहे. सुरतेत उधना-लिंबायतकडे राहणारी घरं, पुण्यात पिंपरी-चिंचवडला, कल्याणला, नाशिकला गेलेली घरं. तिथे वाढलेल्या मुलींना आजीच्या हातचं आठवतं, पण करायला गेल्या की पीठ हातात फुटतं. आणि त्यांच्याही आधी, हिंजवडीत चौघांत एक खोली घेऊन राहणारी आपली पोरं. ॲमेझॉनचं खातं त्यांच्याकडे आहे, मोबाइलवर वाचायची सवय आहे, आणि बाहेरचं खाऊन जीव कंटाळलेला आहे. तुमचा वाचक हा आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायला फुकटचे दिवस कामाला येतील.

तुम्ही शेतकरी घरातल्या, तर हे लगेच पटेल. बियाण्याची कंपनी नवं वाण आणते तेव्हा गावात सगळ्यांना पिशव्या वाटत सुटत नाही. रस्त्याकडेचं शेत असलेल्या, लोक ज्याचं ऐकतात अशा दोघा-तिघांना बियाणं देते आणि तिथे प्रात्यक्षिकाचा प्लॉट उभा करते. येणारे-जाणारे बांधावरून पाहतात, विचारतात, आणि पुढच्या हंगामाला दुकानात जाऊन तेच वाण मागतात. फुकट पुस्तक देताना असे रस्त्याकडेचे वाचक शोधायचे. सुरतच्या मंडळात दरवर्षी श्रावणातल्या कानबाईच्या सणाला रोटांची तयारी बघणारी बाई, पुण्यातल्या खानदेशी लोकांचा ग्रुप चालवणारा मुलगा, मेस चालवणाऱ्या काकू, खाद्यपदार्थांवर लिहिणारी एखादी पत्रकार. अशा पंचवीस-तीस जणांची यादी मुलीला सोबत घेऊन करा. हजार अनोळखी डाउनलोडपेक्षा ही यादी मला जास्त मोलाची वाटते. फुकट म्हणून उतरवून घेतलेली पुष्कळशी पुस्तकं लोकांच्या मोबाइलमध्ये न उघडता पडून राहतात. ही पंचवीस माणसं मात्र पुस्तक उघडतील, करून बघतील आणि चार जणांना सांगतील.

आता नियमांचं बोलू, कारण इथे चूक झाली तर पुस्तक अडचणीत येईल.

मुलगी म्हणते ते पाच दिवस केडीपीच्या, म्हणजे किंडलवर पुस्तक टाकायच्या ॲमेझॉनच्या सेवेच्या, 'सिलेक्ट' योजनेतले. पुस्तक टाकताना त्या योजनेची खूण केली होती का, तिला विचारा. केली असेल तर ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत कोणतेही पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, सलग किंवा तुटक. न वापरलेले दिवस पुढच्या मुदतीत जात नाहीत. मुदत आपोआप पुन्हा सुरू होते; नको असेल तर खूण काढावी लागते. त्या दिवसांत तुम्हाला मानधन मिळत नाही, पण पदरचेही काही जात नाहीत. या योजनेतलं पुस्तक 'किंडल अनलिमिटेड'च्या वर्गणीदारांना वाचता येतं आणि वाचलेल्या पानांचे पैसे लेखकाला मिळतात. किंमत त्यांच्या ठरलेल्या चौकटीत असेल तर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन मिळण्यासाठीही पुस्तक याच योजनेत असावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. म्हणून योजनेत राहणं तुमच्या फायद्याचं आहे.

पण त्या बदल्यात ॲमेझॉनची एक अट आहे. मुदत चालू असेपर्यंत हे पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही. विकत नाही आणि फुकटही नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ त्यात आलीच. नमुना म्हणून साधारण दहा टक्के मजकूर बाहेर ठेवता येतो, त्याहून जास्त नाही. छापील पुस्तकाला हे बंधन नाही, उद्या जळगावात छापून घेतलंत तरी चालेल. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी पूर्ण पुस्तक दहा ग्रुपवर टाकलं तर ॲमेझॉन पुस्तक योजनेतून काढू शकतं. आणि एकदा सुटलेली पीडीएफ कुणालाच परत बोलावता येत नाही. तिच्यावरचं तुमचं नाव कापून दुसऱ्याचं लावणारेही भेटतील.

तरी नणंदबाईंना नाराज करू नका, कारण त्यांच्या हातात जे आहे ते तुमच्या मुलीच्याही हातात नाही. सुरतचे ते ग्रुप म्हणजे तुमचे नेमके वाचक. त्यांच्यासाठी वेगळी छोटी पुस्तिका करा. मोठ्या पुस्तकात न आलेले पाच-सहा पदार्थ तुमच्या वहीत असतीलच. ते खोलीवर राहणाऱ्या पोरांना एका गॅसवर, एका कढईत जमतील असे निवडा. फौजदारी डाळीसारखं, ठेच्यासारखं काहीतरी. पंधरा-वीस पानं, मोठी अक्षरं, मोबाइलवर वाचता येईल अशी. शेवटच्या पानावर मोठ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि लिंक. पहिल्याच पानावर लिहा, 'ही पुस्तिका मोफत आहे, जरूर पुढे पाठवा.' पुस्तकातला एकही पदार्थ यात नसल्यामुळे अटीचा प्रश्न येत नाही, आणि नणंदबाईंनी ती पन्नास ग्रुपवर टाकली तरी आपल्याला आनंदच. गूगल प्ले बुक्सवर ती शून्य किमतीला कायमची ठेवता येईल. केडीपीवर पाच दिवसांपलीकडे किंमत शून्य ठेवायची सोय नाही, म्हणून तिला तिकडे नेऊ नका.

ज्यांनी पैसे देऊन पुस्तक घेतलं त्यांची टोचणी इथेच मिटते. पुस्तिका तयार झाली की सगळ्यांत आधी त्यांना पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: तुम्ही पहिल्या दिवसांत पुस्तक घेतलंत म्हणून हे आधी तुम्हाला. फुकटचे दिवस जाहीर करण्यापूर्वी त्यांना ते कळवा, दुसऱ्याकडून कळायला नको. १४९ रुपयांसाठी नात्यातलं कुणी रुसणार नाही, पण न सांगता केलं याचं मात्र वाईट वाटू शकतं.

आता पुस्तकाचं पहिलं पान. तुमचं पुस्तक मी नमुना उतरवून पाहिलं. अर्पणपत्रिका, मग मुलीचं मनोगत, मग तुमचं मनोगत, मग गावातल्या तीन मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, मग आभार, मग लांबलचक अनुक्रमणिका. नमुना संपला, आणि एकही पदार्थ आला नाही. किंडलवर नमुन्यात पुस्तकाची सुरुवातीची साधारण दहा टक्के पानं दिसतात. छापील पुस्तकाची आपली ही रीत चांगली आहे, माणसांचा मान राखणारी आहे, पण ई-पुस्तकात तीच वाचकाला दारातून परत पाठवते. संदेश, आभार, मनोगतं सगळं शेवटी न्या. मान्यवरांना समजावून सांगा, ते समजून घेतील. अर्पणपत्रिकेचं एक पान राहू द्या, आणि लगेच पहिला पदार्थ. तोही भरीत असू द्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाशीच्या काड्या कुठून येणार, तेव्हा गॅसवर वांगं भाजून भरीताला तो धुरकट वास कसा आणायचा, हिरवं लांबट वांगं नाहीच मिळालं तर बाजारातलं कोणतं घ्यायचं, हे त्यात स्वच्छ सांगा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या चवीचा मान सरकारदरबारीही नोंदला गेला आहे. पण वाचणाऱ्याला आज संध्याकाळी स्वयंपाकघरात काय करायचं ते हवं असतं. ते पहिल्या पाच पानांत मिळालं तर तो उरलेलं पुस्तक घेईल. फुकट असलं तरी आणि नसलं तरी.

ही दुरुस्ती झाल्याशिवाय फुकटचे दिवस लावू नका. हा माझा आग्रह आहे.

पुस्तक शोधताना लागणारे शब्दही एकदा तपासून घ्या. केडीपी सात रकाने देतं. आपली माणसं मोबाइलवर 'भरीत' असं देवनागरीत कमीच टाइप करतात. इंग्रजी अक्षरांत लिहितात. काही रकाने देवनागरीत भरा, काही इंग्रजी अक्षरांत.

दिवस कोणते? पाचही एकदम खर्चू नका. आता दिवाळी झाली, थंडी पडू लागली. जळगावातल्या भरीत सेंटरांवर गर्दी सुरू झाली असेल, आणि शेतात भरीत पार्ट्यांचे बेत ठरत असतील. या दिवसांत सुरत-पुण्याच्या माणसाला गावाची जितकी आठवण येते तितकी भर पावसाळ्यात येत नाही. म्हणून दोन दिवस याच थंडीत, शनिवार-रविवार धरून. उरलेले तीन त्याच मुदतीत, पहिल्या दोन दिवसांत काय झालं ते पाहून. पुढच्या मुदतींतल्या दिवसांसाठी आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई डोळ्यांसमोर ठेवा. पण सणाच्या दिवशी नको. कानबाईच्या रविवारी आणि आखाजीला खापर चुलीवर असताना कुणाच्या हातात मोबाइल नसतो. आठ दिवस आधी ठेवा, घरात 'यंदा काय काय करायचं' अशी चर्चा चालू असते तेव्हा.

वेळेची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. फुकटचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात साडेबारा. सकाळी सातला 'आज पुस्तक मोफत' असा निरोप गेला तर लोक लिंक उघडतील, १४९ रुपये दिसतील आणि बंद करतील. पुन्हा तो माणूस येत नाही. म्हणून संध्याकाळी पाठवा, आणि पाठवण्याआधी तुमच्या मोबाइलवर लिंक उघडून किंमत शून्य दिसते का ते स्वतः पाहा. दिवस आधी नोंदवून ठेवावे लागतात, त्याच दिवशी सुरू करता येत नाहीत.

निरोपात तीन गोष्टी हव्यात. एक, किंडलचं यंत्र लागत नाही, मोबाइलवरचं किंडल ॲप फुकट आहे. खूप जणांना वाटतं की ते यंत्र विकत घ्यावं लागतं आणि ते तिथेच थांबतात. दोन, कोणतं बटण दाबायचं. सिलेक्टमधल्या पुस्तकाच्या पानावर 'किंडल अनलिमिटेड'च्या वर्गणीदारांसाठी शून्य रुपये असंही दिसतं. घाईत लोक ते दाबतात, मग कार्डाची माहिती मागितली जाते, आणि 'फुकट म्हणाले आणि कार्ड मागतात' अशी बोंब होते. मुलीला पानाचा फोटो काढून बरोबर बटणाभोवती लाल गोल करायला सांगा आणि तो निरोपासोबत पाठवा. ॲमेझॉनच्या ॲपमध्ये अडलं तर लिंक ब्राउझरमध्ये उघडा, हेही लिहा. तीन, निरोपात एक पूर्ण उपयोगी गोष्ट असू द्या, गॅसवरच्या भरीताची युक्ती असेल तर उत्तम. पुस्तक न घेणाऱ्यालाही काहीतरी मिळालं पाहिजे. असा निरोप लोक पुढे पाठवतात. 'माझं पुस्तक घ्या' एवढंच लिहिलेला निरोप कुणी पुढे पाठवत नाही.

एखाद्या भरीत सेंटरच्या मालकाशी ओळख असेल तर काउंटरवर क्यूआर कोडची छोटी चिठ्ठी ठेवायला विचारा. थंडीत गावी आलेले पुण्या-मुंबईचे लोक तिथे भरीत बांधून न्यायला येतातच.

आता अभिप्राय. जाऊबाईंनी, मुलीनं, भाच्यांनी पाच-पाच तारे देऊ नयेत. घरच्यांचे आणि जवळच्या मित्रमंडळींचे अभिप्राय ॲमेझॉनला चालत नाहीत, ओळखले गेले की काढले जातात. 'पुस्तक फुकट देते, त्या बदल्यात अभिप्राय द्या' असंही म्हणायचं नाही. फुकट प्रत देता येते, अट घालता येत नाही. मग काय करायचं? पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, शेवटचा पदार्थ संपल्या संपल्या, लिहा: 'यातला एखादा पदार्थ करून पाहिलात तर कसा झाला ते ॲमेझॉनवर नक्की लिहा. बिघडला असेल तर तेही लिहा.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. कुणी लिहिलं, 'कळण्याच्या भाकरीला पाणी कमी सांगितलंय', तर तुम्हाला माप दुरुस्त करता येईल आणि वाचणाऱ्याला कळेल की हे पुस्तक कुणीतरी खरंच करून बघतंय. अभिप्राय लिहायला त्या खात्यावरून आधी काही खरेदी झालेली असावी लागते, म्हणून ज्यांनी नवीन खातं फक्त तुमच्या पुस्तकासाठी उघडलं त्यांना ते जमलं नाही तर गैरसमज करून घेऊ नका.

तो फोनवाला. हजार डाउनलोड म्हणजे बहुधा माणसं नसतातच, आणि असली तरी त्यांना मराठी वाचता येत असेल याची खात्री नाही. विकत घेतलेले अभिप्राय हा नियमभंग आहे. त्यात पुस्तक जाईलच, लेखिका म्हणून तुमचं खातंही बंद होऊ शकतं. पैसे तो घेणार, नुकसान तुमचं. पुन्हा फोन आला तर उचलू नका.

मुलीची एक अपेक्षा मात्र मला खाली आणावी लागेल. फुकटच्या दोन दिवसांत पुस्तक एखाद्या यादीत वर दिसेल, तिला आनंद होईल, ती फोटो काढून पाठवेल. ती यादी फुकट पुस्तकांची असते. किंमत परत लागली की पुस्तक विकत घेतल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या यादीत येतं, आणि फुकट डाउनलोड तिथे विक्री म्हणून धरली जात नाहीत. त्यामुळे तिसऱ्या दिवशी खप उसळेल असं धरून बसू नका. बहुतेक वेळा उसळत नाही. त्यानंतर मी दुसऱ्याच गोष्टी पाहीन. अनोळखी माणसाचा एखादा अभिप्राय आला का? महिनाभरात नात्याबाहेरच्या कुणी पैसे देऊन प्रत घेतली का? वर्गणीदारांनी वाचलेली पानं वाढली का? सुरतेतून कुणी फोटो पाठवला का? हे झालं तर दिवस सत्कारणी लागले. नाही झालं तर उरलेले तीन दिवस लावण्याआधी वर्णन, मुखपृष्ठ, पहिला पदार्थ पुन्हा तपासा. मुखपृष्ठ मोबाइलवर अंगठ्याएवढं दिसतं. त्यावरची अक्षरं तेवढ्या आकारात वाचता येतात का, एवढंच बघा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तुम्ही रात्री कंदिलासारख्या उजेडात वही घेऊन बसलात ते त्यांनी पाहिलंय. त्यांना तुमच्या कष्टांची किंमत वाटते म्हणून ते असं बोलतात. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, पुस्तक कायमचं फुकट होत नाही. दोन दिवसांनी किंमत पुन्हा १४९. आणि दुसरी, या वह्यांमधला एकही पदार्थ तुम्ही विकत घेतला नव्हता. आईनं दिला, सासूबाईंनी दिला, शेजारणीनं चुलीपाशी बसवून शिकवला. त्या सगळ्याला माप आणि क्रम देऊन वाचता येईल असं पुस्तक तुम्ही केलंत, तेव्हा त्याचे पैसे घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन दिवस ते उघडं ठेवण्यानं तो हक्क जात नाही. किंमत मात्र नंतर कमी करू नका. थोडे दिवस फुकट आणि बाकी वर्ष पूर्ण किंमत, हे वाचकाला कळतं. ९९, मग ४९, मग २९ असं घसरत गेलं की लोक थांबून बघत राहतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण या सगळ्यात सगळ्यांत जास्त फरक तिच्यानं पडेल. फुकट दिलेलं पुस्तक आवडलं, आता वाचकानं पुढे काय घ्यायचं? तुमच्याकडे आज एकच पुस्तक आहे. ते फुकट घेऊन तो तृप्त होऊन जाईल, आणि त्याच्याकडून तुम्हाला काही मिळायचा रस्ताच उरणार नाही. ज्या लेखकांना फुकट देण्याचा खरा फायदा होतो, त्यांचं बहुतेकांचं दुसरं, तिसरं पुस्तक तयार असतं. पहिलं मोकळ्या हातानं देतात, पुढचं लोक विकत घेतात. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोंत बिबड्या, पापड, कुरडया, सांडगे यांची पानं दिसली. हे पहिल्या पुस्तकात नाही. हे दुसरं पुस्तक आहे. वाळवणाचं, उन्हाळ्याचं. शहरात गच्ची नसलेल्या घरात ते कसं करायचं, यावर तुमच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.

म्हणून क्रम असा लावा. या महिन्यात पहिल्या पुस्तकाची पानं मागेपुढे करून घ्या आणि पुस्तिका तयार करा. पुढच्या महिन्यात दोन दिवस. मोठ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'लवकरच येत आहे' म्हणून वाळवणाच्या पुस्तकाचं नाव आत्ताच घाला. ते बाहेर आलं की मग पहिल्या पुस्तकाचे पाचही दिवस मोकळ्या मनानं त्या आठवड्यात लावा. तेव्हा फुकट घेणाऱ्या प्रत्येकाला विकत घेण्यासारखं काहीतरी समोर असेल.

फोटोंची तयारी मात्र आधीपासून हवी. पीठ आंबवण्यापासून ओल्या कापडावर बिबड्या थापेपर्यंतचं सगळं होळीनंतरच्या त्या थोड्या दिवसांतच होतं. मुलीला तेव्हा चार दिवसांची सुट्टी काढून यायला आत्ताच सांगून ठेवा. पहाटेचा उजेड आणि तुमच्या गच्चीवरच्या बायका यांचे फोटो तिला नंतर पुण्यात बसून काढता येणार नाहीत, आणि एक हंगाम चुकला की पुस्तक वर्षभर पुढे जाईल.